कंपालाला जाण्याविषयी

परळ, मुंबई
गुरुवार, रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

चेंबूर आणि परळ यांत पत्र लिहिण्याइतके अंतर नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु गेले तीन रविवार मी युगांडाच्या राजधानीत, कंपालाला, कर्करोगाच्या रुग्णांसाठी काम करायला जाण्याचा विषय काढला की बाबा उठून बातम्या लावतात आणि आई ओट्याकडे वळते, म्हणून समोर बसून जे पुरे सांगता आले नाही ते लिहून कळवते आहे.

बाबा, तुम्ही एकच प्रश्न विचारलात आणि तो रास्त होता. टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर दूरदूरच्या राज्यांतून आलेली माणसे अंथरूण टाकून राहतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळावी म्हणून खेपा घालतात. त्यांना सोडून युगांडाला कशाला जायचे? मी गेल्याने इथे कोणाचेच अडणार नाही, असे मी म्हणणार नाही. ओपीडीत एक डॉक्टर कमी असला की दुपारी सुटणारा रुग्ण संध्याकाळी सुटतो, हे मी पाहते. तरीही इथे एक यंत्र बिघडले तर रुग्णाला दुसऱ्यावर घेता येते. युगांडात १९९५ पासून चालत असलेले देशातील एकमेव कोबाल्ट यंत्र, म्हणजे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र, २०१६ साली कायमचे बंद पडले आणि नवे सुरू होईपर्यंत वर्षाहून अधिक काळ गेला. काही रुग्णांना नैरोबीला पाठवण्याची सोय झाली. बाकीच्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण तिथल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे, एचआयव्हीची लागण असलेल्या स्त्रीला त्याचा धोका सुमारे सहापट असतो, आणि रोग पसरल्यावर ती आली तर शस्त्रक्रियेचा उपयोग राहत नाही. मग बाहेरून दिले जाणारे किरण आणि त्यांच्या जोडीने किरणांचा स्रोत शरीरात ठेवून आतून द्यायची ब्रॅकीथेरपी, यांवरच सारी भिस्त असते. ब्रॅकीथेरपी हेच माझे काम आहे.

आता तिथे यंत्रे आली आहेत. पण यंत्र आले म्हणजे उपचार आले असे होत नाही, हे तुमच्याइतके कोणाला कळेल? मी बारावीत असताना तुम्ही जेवणाच्या टेबलावर वहीच्या पाठकोऱ्या पानावर कोबाल्ट-६० चा आलेख काढून दाखवला होता. अर्धायुष्य सव्वापाच वर्षे. म्हणजे आज जी मात्रा दोन मिनिटांत देता येते, तिला तेवढ्या काळाने चार मिनिटे लागतात. तेव्हा ते परीक्षेपुरते पाठ केले. आता त्याचा अर्थ मला रुग्णांच्या संख्येत दिसतो: यंत्रातला कोबाल्टचा स्रोत वेळेवर बदलला नाही, तर यंत्र चालू असूनही दिवसाकाठी कमी स्त्रियांवर उपचार होतात आणि उरलेल्यांना पुढची तारीख मिळते. हे हिशेब ठेवणारे भौतिकतज्ज्ञ आणि हे काम हातात बसलेले डॉक्टर तिथेच तयार व्हायला हवेत.

म्हणूनच मी दोन वर्षांचा आग्रह धरला. सहा आठवड्यांसाठी येणारे, रुग्णांची माहिती गोळा करणारे आणि परत गेल्यावर शोधनिबंधावर स्वतःचे नाव आधी घालणारे परदेशी डॉक्टर हा जागतिक आरोग्याच्या कामातला जुना दोष आहे, आणि तो माझ्या हातून घडू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे. मी तिथल्याच विभागप्रमुखांच्या हाताखाली काम करणार आहे, आणि माझ्याबरोबर शिकणारे दोघे स्वतंत्रपणे ब्रॅकीथेरपी करू लागेपर्यंत तिथून हलू नये असे मला वाटते.

आई, तू म्हणालीस की शिकायला माणसे अमेरिकेला जातात. परंतु साधने अपुरी असताना काय करता येते, ते आपल्याच शहराने दाखवून दिले आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना काही आठवड्यांचे प्रशिक्षण देऊन, साध्या ॲसिटिक ॲसिडने गर्भाशयमुखाची तपासणी करण्याचा मोठा प्रयोग टाटा रुग्णालयाने केला, आणि त्याने या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. मला जे द्यायचे आहे ते असे इथूनच आलेले आहे.

बाबा, आपले घर ज्या अणुऊर्जा खात्याच्या पगारावर चालले, त्याच खात्याकडे १९६२ पासून हे रुग्णालय आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालेल्या भाभाट्रॉन या कोबाल्ट यंत्राशी तुमच्या विभागाचा संबंध नव्हता. तरी पहिले यंत्र खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, टाटाच्याच कर्करोग संशोधन केंद्रात, बसले तेव्हा तुम्ही पेढे घेऊन घरी आला होतात. पुढे ते व्हिएतनामला पोहोचल्याचे कात्रणही तुम्ही जपून ठेवले आहे. ट्रॉम्बेचे यंत्र परदेशी गेल्याचा ज्यांना इतका आनंद झाला, त्यांना मुलीच्या जाण्याचे दुःख का होते, हे मला कळत नाही असे नाही. यंत्राची कोणी रविवारी जेवायला वाट पाहत नाही.

लग्नाविषयी मी तुम्हाला अडवणार नाही. स्थळे पाहा, फक्त कंपालाची गोष्ट आधी सांगा. पगार इथल्या खासगी रुग्णालयापेक्षा कमी आहे, पण घरी पाठवता येईल इतका आहे. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया मात्र मी निघण्यापूर्वीच व्हावी. मी डॉक्टरांशी बोलले आहे, आणि पहिले सहा आठवडे मी रोज रात्री चेंबूरला राहायला येईन.

येत्या रविवारी अर्ज घेऊन येते आहे. त्यात तातडीच्या संपर्कासाठी एकच नाव लिहायची जागा आहे आणि ती मी कोरी ठेवली आहे. कोणाचे नाव घालायचे ते तुम्ही दोघांनी ठरवा.

आपली,
माधवी