ताईंच्या गाण्यावर तू लिहिलंस, त्यावरून

कोल्हापूर

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार.

संगीत नाटकात गायिलेल्या आपल्या ताईंच्या पुण्यातल्या कार्यक्रमावर तू लिहिलेलं परीक्षण मिळालं. आधी फोनच करणार होतो, पण हे फोनवर नीट बोलून होणार नाही असं वाटलं, म्हणून सरळ कागद ओढला.

लेख मनापासून लिहिलास, ते ओळीओळीत कळतं. तिन्ही सप्तकांत फिरणारा गळा, दाणेदार तान, लयीवरची हुकमत, शेवटी उभं राहून टाळ्या वाजवणारे रसिक, सगळं आलंय. पण भावा, त्यात ताई कुठं आहेत? त्यांचं नाव काढून दुसऱ्या कुठल्याही तयारीच्या गायिकेचं घातलं, तर तुझ्या लेखातलं एक वाक्यही बदलावं लागणार नाही. त्या रात्री त्यांनी गायलेली पदं कुणाची होती, कुठल्या नाटकातल्या कुठल्या बाईची, ती बाई त्या वेळी कशात अडकली होती, यातलं काही आलेलं नाही. ज्या बाईंनी उभं आयुष्य संगीत नाटकात घालवलं, त्यांच्या गाण्यातून नाटकच वगळून स्तुती झाली, हे मला फार लागलं.

आणि लेखाच्या शेवटी तू हळहळलायस, की रंगभूमीवरची एवढी मोठी गायिका आता छोट्या बैठकींवर आली. तिथंच मी थांबलो. बैठकीवर येणं म्हणजे खाली येणं, हे मला मुळीच मान्य नाही. का नाही, ते सांगायला मी तुला बार्बरा कुकपाशी नेतो. गेली काही वर्षं मी तिचं गाणं किती ऐकतोय ते तुला ठाऊकच आहे. ती ब्रॉडवेवरची, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवरची गायिका-नटी, आपण पेठेतले, पण ताईंच्या गाण्याविषयी बोलताना मला दुसरं कुणी इतकं जवळचं सापडत नाही.

ती १९२७ साली अटलांटात जन्मली. विशीत न्यूयॉर्कला आली आणि १९५१ पासून ब्रॉडवेवर उभी राहू लागली. १९५६ मध्ये लेनर्ड बर्नस्टाइनच्या संगीतातलं ‘कँडिड’ आलं. त्यात तिच्या वाट्याला एक असं गाणं होतं की भले भले ऑपेरावालेही त्याला हात लावताना दबकतात. स्वर वरच्या वर चढत जातात, मध्ये हुंदके आहेत, मध्ये हसू आहे. नाटक चाललं नाही, ७३ प्रयोगांत बंद पडलं, पण तिचं नाव झालं. पुढच्याच वर्षी ‘द म्युझिक मॅन’ आलं. गावातल्या ग्रंथपाल मुलीची भूमिका होती. तिच्यासाठी तिला टोनी हा तिथल्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला आणि ते नाटक हजारावर प्रयोग चाललं. त्या काळातली तिची स्तुती थोडीफार तुझ्या लेखासारखीच आहे: काय गळा, काय स्वच्छ वरचा सूर. ते खरंही होतं.

पण माझा जीव अडकलाय तो १९६३ च्या ‘शी लव्ह्ज मी’ मधल्या एका गाण्यात. प्रसंग ऐक. बुडापेस्टमधलं अत्तराचं दुकान. तिथं काम करणारी अमालिया आणि तिचा वरिष्ठ गेऑर्ग यांचं एकमेकांशी मुळीच पटत नाही. ती एका अनोळखी मित्राला पत्रं लिहिते, त्यालाच मनानं वरलंय, आणि तो मित्र म्हणजे गेऑर्गच, हे तिला माहीत नाही. ती आजारी पडते. गेऑर्ग घरी येतो, येताना व्हॅनिला आइस्क्रीम आणतो. तो गेल्यावर ती पत्र लिहायला बसते. “प्रिय मित्रा” एवढं होतं आणि मन भरकटतं, आइस्क्रीमवर जातं, आणणाऱ्यावर जातं. पुन्हा मायना, पुन्हा भरकटणं. पत्र काही पुरं होत नाही. बार्बराच्या आवाजात तो मायना दर वेळी निराळा येतो. आधी नेमानं लिहिल्यासारखा, मग घाईत, मग अर्धं लक्ष दुसरीकडं असल्यासारखा. आणि शेवटी उंच सूर लागतो तेव्हा तिचं तिलाच कळलेलं असतं. तो सूर पट्टीचा आहे म्हणून अंगावर येत नाही. इतका वेळ ती पत्र लिहीत होती आणि आता लिहू शकत नाही, म्हणून तो येतो.

आता पुढचं नीट बघ, कारण ताईंशी नातं इथं लागतं.

१९७१ मध्ये बार्बराचं एक नाटक सात प्रयोगांत आटोपलं आणि ब्रॉडवेवर नव्या नाटकांत नायिका म्हणून उभं राहणं जवळजवळ संपलं. दारू होती, नैराश्य होतं, अंग सुटलं होतं. ज्या भूमिकांनी नाव दिलं त्या तरुण मुलींच्या होत्या, त्या आता कोण देणार? लोकांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली असणारच, तुझ्यासारखी. मग वॉली हार्पर नावाचा पियानिस्ट तिला भेटला आणि जानेवारी १९७५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या मोठ्या सभागृहात एकटी गायला उभी राहिली. नाटक नाही, पोशाख नाही, नेपथ्य नाही. तिथून पुढं २००४ मध्ये हार्पर जाईपर्यंत ती दोघं मिळून गायली. मोठी सभागृहं होतीच, पण कॅफे कार्लाइलसारख्या हॉटेलातल्या लहानशा खोलीतही, टेबलांभोवती बसलेल्या माणसांसमोर, हाताच्या अंतरावर.

आणि समीक्षकांनी तिला खरं डोक्यावर घेतलं ते या दुसऱ्या आयुष्यात. न्यूयॉर्क टाइम्समध्ये स्टीफन होल्डन हा माणूस वर्षानुवर्षं अशा खोल्यांतल्या गाण्यावर लिहीत असे. रोजच्या मोठ्या वर्तमानपत्रात अशा लहान बैठकींसाठी जागा राखलेली असे, हेच मला मोठं वाटतं. नंतरच्या काळातल्या तिच्या स्तुतीचा विषय बदललेला दिसतो. गळ्याचं कौतुक आहेच, साठी-सत्तरीत तो कसा राहिला याचं नवलही आहे, पण भर दिला जातो तो तिनं शब्दाला काय केलं यावर. एकच गाणं विशीतल्या मुलीच्या तोंडी कसं होतं आणि सगळं भोगून बसलेल्या बाईच्या तोंडी कसं झालं यावर. १९८५ मध्ये ब्रॉडवेचा संगीतकार-गीतकार स्टीफन सॉन्डहाइम याचं ‘फॉलीज’ हे नाटक न्यूयॉर्कला मैफलीच्या रूपात झालं, त्यात तिनं सॅली केली. जुनं प्रेम उराशी धरून संसार करणारी ही बाई. ती गाणी तिच्या तोंडून ऐकताना मी दर वेळी गप्प होतो. २००१ पासून तर तिनं सॉन्डहाइमच्या गाण्यांचा आख्खा कार्यक्रमच उभा केला, आणि शेवटचं गाणं म्हणताना मायक्रोफोन बाजूला ठेवून ती नुसत्या गळ्यानं गायची. २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने आपल्या शतकाहून मोठ्या इतिहासात पहिल्यांदाच एका शास्त्रीयेतर गायिकेची स्वतंत्र मैफल ठेवली, ती हिची. पुढं २०११ चा केनेडी सेंटर सन्मान, अमेरिकेत कलावंतांना मिळणारा मोठा मान. छोट्या खोल्यांत गाणारीला हे मिळालं.

ती नवशिक्या गायकांना जाहीर वर्गात शिकवायची. हातवारे कर, सूर दाखव, असं ती सांगत नसे, उलट ते सगळं काढून घेई. तू जशी आहेस तशी पुरेशी आहेस, हेच तिचं सांगणं. मुलांना हे सगळ्यात अवघड जायचं.

आता आपल्याकडं ये. आपलं नाट्यपद नाटकातून बाहेर पडलं आणि मैफलीत आलं, तेव्हा नेमकं उलटं झालं असं मला वाटतं. पदातली बाई नाटकगृहातच राहिली आणि बाहेर आली ती फक्त चाल. यामागं चांगली कारणंही आहेत. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना इथं दरबारी आणलं, त्यांच्याकडं शिकलेल्या भास्करबुवा बखल्यांनी १९१६ मध्ये ‘स्वयंवर’ नाटकाला चाली दिल्या, आणि रागदारीची एवढी श्रीमंती नाटकात आली की ती पदं नुसत्या बंदिशी म्हणूनही उभी राहतात. गायला मोह होतो, ऐकायलाही होतो. पण म्हणून त्यातल्या रुक्मिणीनं कृष्णासाठी म्हटलेलं पद आणि दुसरं कुठलंही पद यांत रागाखेरीज फरकच उरू नये? आणि परीक्षण लिहिणाऱ्यानं तरी तो उरवू नये?

संगीत नाटकातले गायक नट केशवराव भोसले यांचंच घे. आपल्या गावचा माणूस, १८९० चा जन्म. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झालं, म्हणजे दोन नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला प्रयोग. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबरला, विषमज्वरानं केशवराव गेले, वय अवघं एकतीस. त्या प्रयोगाची गोष्ट आजही गावात कुणीही सांगेल, पण सांगतो काय? बाजी कुणी मारली. शेजारच्या खासबागेतल्या कुस्तीचा निकाल सांगावा तसं. धैर्यधर अपमान गिळून उभा राहतो तेव्हा केशवरावांनी तो शब्द कसा टाकला, भामिनी त्यावर काय करत होती, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मला ते ऐकायचं होतं रे. गाणारा जातो, टाळ्या तिथंच विरतात. मागं राहतं ते कुणी नेमकं लिहून ठेवलं असेल तेवढंच.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री इथलं केशवरावांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. बार्बरा कुकही ८ ऑगस्टलाच गेली होती, २०१७ मध्ये. योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवत नाही, पण लक्षात राहिलाय. त्या रात्री मी रस्त्यावर उभा होतो आणि आजूबाजूची मोठमोठी माणसं रडत होती. शाहू महाराजांनी बांधलेलं १९१५ चं पॅलेस थिएटर ते. माइकशिवाय गाणाऱ्यांसाठी बांधलेलं. इमारत पुन्हा उभी करता येते, तिथं कोण कसं गायलं ते पुन्हा उभं करता येत नाही, हे तिथं उभं असताना फार टोचलं.

म्हणून आता मी ऐकलेलं तुला सांगतो. मागच्या हिवाळ्यात मंगळवार पेठेत एका घरच्या सोप्यात ताईंची बैठक झाली. सतरंज्यांवर दाटीवाटीनं माणसं, माइक नाही, पेटी आणि तबला एवढीच साथ. ताईंनी भामिनीचं पद घेतलं. आधी दोन-तीन वाक्यांत प्रसंग बोलल्या: श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराला नाकारणारी, आणि आता गरीब वनमालेच्या वेषात त्याच्यावरच जीव जडवून बसलेली ही मुलगी. मग अस्ताई, म्हणजे पदाचा पहिला भाग. पहिल्यांदा मुखडा, ती सुरुवातीची ओळ, अगदी सरळ, ताठ मानेनं. दुसऱ्यांदा तीच ओळ जरा मागं रेलून, लयीच्या किंचित पाठीमागून. तिसऱ्यांदा पेटीवाल्यानं भाता सैल सोडला, तबलजीनं हात उचलला, आणि ओळीतला शेवटचा शब्द ताईंनी जवळजवळ बोलूनच टाकला. सूर तिथंच होता, पण तोरा उतरलेला होता. मुलगी हरली होती आणि हरल्याचं तिला सुख झालं होतं. मग एक लहानशी तान आली, फार तर दीड आवर्तनाची. कुणी ‘वाह’ म्हटलं नाही. माझ्या शेजारच्या आजींनी नुसता पदर तोंडाशी धरला.

ताईंचा वरचा षड्ज आता पूर्वीसारखा लागत नाही. पट्टीही त्यांनी खाली आणली आहे. तू ते लेखात टाळलंस, आदरापोटी टाळलंस हे कळतं, पण टाळू नकोस. त्या खालच्या पट्टीत त्यांना भामिनीचं वय निराळं सापडलंय. विशीत त्या भामिनीचा तोरा गायच्या, आता तोरा गळून पडणं गातात. तुझ्या वाचकाला हे कळलं तर तो पुढच्या बैठकीला येईल, आणि आला तर काय ऐकायचं ते घेऊन येईल. नुसतं ‘रसिक मंत्रमुग्ध झाले’ लिहून त्याला काय मिळालं?

गोविंदराव टेंब्यांनी गवयांविषयी लिहिलेलं पुन्हा काढून वाच, बस्स. सांगवड्यासारख्या इथल्याच गावचा माणूस, स्वतः पेटीवाला, ‘मानापमान’च्या चाली त्यांच्याच. गवई कुठं थांबला, काय सोडून दिलं, तेही त्यांच्या कानानं टिपलेलं असतं. आपल्याच मातीत ही रीत आहे, न्यूयॉर्कहून आणायला नको.

पुण्याच्या कार्यक्रमाचं तुझ्याकडं ध्वनिमुद्रण असेल तर आधी भामिनीचंच पद ऐक, मुखडा दर वेळी कसा येतो तेवढंच बघ, मग लेख पुन्हा लिही. छापून आलेला लेख बदलता येत नाही, पण दिवाळी अंकासाठी तू ताईंवर मोठा लेख लिहिणार आहेस ना? तो असा लिही. लिहून झाला की आधी मला पाठव, मी ताईंना वाचून दाखवतो. पुढच्या महिन्यात त्यांची इथं आणखी एक बैठक ठरतेय, तारीख पक्की झाली की कळवतो. या वेळी मुक्कामालाच ये, आईही तुझी वाट बघतेय. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
पेठेतला मित्र