आरूच्या जहाजाबद्दल

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार, रात्री

चि. सौ. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मी आपटला नाही. आईनं तसं सांगितलं असेल तर ते खोटं आहे, हातातून निसटला. पण नंतर परत लावला नाही, हे खरं. फोनवर मला मध्येच बोलायची सवय आहे, मग तुझंही राहतं आणि माझंही. म्हणून कागद घेतला. उधारीच्या वहीचा आहे, हसू नकोस.

पहिलं हे की जहाजाला माझी ना नाही. जावईबापूंनी हौसेनं तिकिटं काढलीत, मुंबईहून गोवा, पुढं लक्षद्वीप. आरूला निळं पाणी बघायचंय, बघू दे. पोरीला सिलिअ‍ॅक, गव्हातलं ग्लुटेन आतड्याला बाधतं, म्हणून मी एवढंच विचारलं होतं की तिथं कणीक कुठं मळतात. त्यावर तू म्हणालीस, "बाबा, तिला शेवटचा त्रास झाला तो कुठल्या हॉटेलात नाही, तुमच्या घरात झाला."

बरोबर आहे तुझं. दोन दिवस गिरणीची मोटर चालू असतानासुद्धा तेच ऐकू येतंय.

दिवाळीतली ती ज्वारी मी स्वतः निवडली होती. मालदांडी, एक खडा नव्हता. आणि दळली कुठं, तर आपल्याच गिरणीत, गव्हाच्या तीन डब्यांमागं. दगडाला मागचं पीठ धरून राहतं आणि पुढच्या दळणात उतरतं, हे मला सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? बाजरीमागं गहू टाकला तर बायका भांडायला उठतात. एकादशीच्या आधी वरईचं दळण असलं की मी जातं उघडून कुंच्यानं झाडतो, वर मूठ-दोन मूठ वरई फुकट घालवतो. देवाच्या उपासाला एवढं सोवळं, आणि नातीच्या भाकरीला मी म्हणालो, "ज्वारीच तर आहे!" दुसऱ्या दिवशी पोरगी पोट धरून माझ्या गादीवर पडली होती. पोट ढोलासारखं. "आजोबा, आत कुणीतरी पिळतंय" म्हणाली. ते तू ऐकलं नाहीस, तू औषधाला गेली होतीस. मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

म्हणून विचारतो. हुकूम म्हणून नाही.

पीठ उडतं गं. माझ्या भुवया बघितल्यास ना तू? शाळेतून आलीस की दप्तर ठेवायच्या आधी ओढणीनं पुसायचीस. मी कधी डोक्याला पीठ लावून घेतलं होतं का? ते बसतं. फळीवर, दिव्यावर, देवाच्या फोटोवर, सगळ्या बाजूंनी. जहाजावर तर हजारभर माणसांच्या चपात्या, पाव, केक एकाच छताखाली होत असणार.

तू पाठवलेला तो कागद मी चारदा वाचला. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहायला किलोमागं २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन पाहिजे. मी आपल्या मापात हिशेब घातला. ५० किलोच्या पोत्याला १ ग्रॅम. माझ्या वजनकाट्यावर १ ग्रॅम दिसतसुद्धा नाही. आणि ते आचारी म्हणणार, थोड्यानं काय होतंय! आपल्या भावकीनं म्हणलंच की, लग्नात, वाटीत बुंदी घेऊन, "एका लाडवानं काय होतंय". बेसनाची बुंदी, पण शेव-शंकरपाळ्याच्या कढईत तळलेली. शेंगदाण्याची ॲलर्जी असती तर पोरगी समोर सुजली असती, मग लोकांनी ऐकलं असतं. हिचं आतडं आतल्या आत झिजतं, ते कुणाला दिसतंय?

तेव्हा बुफेतलं घेऊ नका. चमचे इकडचे तिकडं होतात. बटाटे तळलेत म्हणाले तरी त्याच तेलात आधी काय तळलं ते विचारा. डबीतल्या हिंगात मैदा असतो, सोया सॉसमध्ये गहू असतो. मुलांना खेळायला ठेवतात तिथं रंगीत मळलेलं पीठ देतात, बाजारातल्या त्या पिठात गहू असतो, आणि आरूची बोटं कायम तोंडात. आणखी एक. तिला बोट लागली आणि ओकली, तर ती बोट लागली का पोटात काही गेलं, हे कसं ओळखणार?

परत चालू झालं माझं. आई वाचून म्हणाली, "तिला शिकवताय? तिनंच तुम्हाला शिकवलंय." खरं आहे. तू सांगितलंस ना, दीड महिना आधी मेल केलास, पहिल्या संध्याकाळी मुख्य आचाऱ्याला भेटणार, दुसऱ्या दिवशीचं जेवण आदल्या रात्रीच ठरवून देणार, बसून जेवायच्या हॉटेलातच जेवणार. मी ते गिरणीत चार गिऱ्हाइकांना सांगितलं. जोश्यांच्या आजींना दोनदा सांगितलं. मला माफ कर.

खरं म्हणजे मला गव्हाचं एवढं कौतुक कधी नव्हतंच. आमच्या लहानपणी चपाती सणाला. ७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, भाकरी थापताना चिरायची. तू सांगितलेली ती हॉलंडची गोष्ट म्हणून लक्षात राहिली. लढाईत १९४४-४५ च्या हिवाळ्यात पाव मिळेना, लोक उपाशी, आणि डॉक्टर डिके यांच्याकडची हीच आजारी पोरं मात्र सुधारली. पाव परत आला तशी परत पडली. दुष्काळात पोरं बरी होतात! मी गिरणीवाला, मला ते ऐकून कसंतरीच झालं. चाळीस वर्षं ज्याच्यावर घर चाललं, तुझं इंजिनिअरिंग झालं, तेच नातीला बाधतंय.

मालवण आठवतं का? तू सात वर्षांची. सिंधुदुर्ग बघायला होडीत बसलो. तू काठावरून हात पाण्यात घालत होतीस आणि मी तुझा दंड धरून बसलो होतो. घरी आल्यावर आईनं दाखवलं, माझी चार बोटं उमटली होती. तू रडली नव्हतीस. "बाबा भितो," असं सगळ्या गल्लीत सांगत मात्र फिरलीस. तेव्हा तू "मी जातो, मी येतो" म्हणायचीस, आपल्या इथल्या पोरींसारखं. आता "जाते, येते". आरू दिवाळीत दारातून ओरडली, "आजोबा, मी आलो!" कुठून उचललं कुणास ठाऊक.

गिरणीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या रेघा आहेत, त्याच्या शेजारी आता तिच्या. दोन वर्षांपूर्वीच्या दोन रेघा एकमेकीला चिकटल्यात, वर्षभर पोरगी वाढलीच नाही. रक्त तपासलं, दुर्बीण घातली, गहू बंद केला, आणि त्यानंतरची रेघ चार बोटं वर. ती चार बोटं तुझी कमाई आहे. माझी नाही, डॉक्टरांचीही नाही. तू नोकरी सांभाळून दोन-दोन तवे, दोन-दोन पोळपाट केलेस.

आता सामानाचं. घरचं शिजवलेलं जहाजावर नेता येत नाही, सीलबंद पाकीट चालतं म्हणालीस, म्हणून नाचणीचे लाडू करू नका असं आईला सांगितलं. तिनं केलेत. ते मुंबईपर्यंत गाडीत खा. सोबत ज्वारीचं पीठ आहे, आचाऱ्यानं घेतलं तर घेतलं, नाहीतर पुण्याला परत ने. घाबरू नकोस, ते गिरणीतलं नाही. मी घरघंटी घेतली आहे, नवी, माजघरात ठेवली आहे. गिरणीतले कपडे बदलून, आंघोळ करूनच तिला हात लावतो. गहू घरात येऊ देत नाही, आईची चपाती शेजारून येते. झाकणाला कुलूप घातलंय. आई म्हणते, पिठाला कुलूप घालणारा कोल्हापुरात मी पहिलाच. किल्ली देव्हाऱ्यात आहे.

परत आलात की थेट इकडं या. पांढऱ्या रश्श्याचा मसाला घरीच वाटीन.

आणि एक. बंदरावर सोडायला येऊ का? तुम्ही चढेपर्यंतच थांबेन, आचाऱ्याशी काही बोलणार नाही. नको म्हणालीस तर येत नाही. महालक्ष्मीचं तिकीट तेवढं काढून ठेवलंय, ते परत करता येतं.

तुझा,
बाबा