बाबा, सही घरातच होऊ द्या

मेलबर्न

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर मी तुम्हाला 'नाही' म्हटलं आणि रात्रभर डोळा लागला नाही. "लेकीच्या डोळ्यांदेखत इच्छापत्रावर सही करतो, तूच व्हिडिओवरून साक्षीदार हो," एवढंच मागितलं होतंत तुम्ही.

आम्ही दोघांनी इथे आमचं इच्छापत्र व्हिडिओवरच केलं, हे खरं. कोविडमधली ती सोय व्हिक्टोरियात २६ एप्रिल २०२१ पासून कायमची झाली. पण त्यातही एक साक्षीदार वकील किंवा जस्टिस ऑफ द पीस (कागदपत्रांना साक्ष देणारा इथला मानद अधिकारी) लागतो आणि सगळ्या सह्या एकाच दिवशी व्हाव्या लागतात. आपल्याकडे १९२५ चा वारसा कायदा आहे. कलम ६३ प्रमाणे निदान दोन साक्षीदार हवेत आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करायची. मी पडद्यावर, कागद सांगलीत. उद्या कोर्टात कुणी यावर बोट ठेवलं तर? डिजिटल सह्यांना मान्यता देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही इच्छापत्राला बाहेरच ठेवलंय. वाड्याच्या कागदाचं काय झालं ते आठवतं ना? शिवाय घर माझ्या नावावर करताय, मग साक्षीला मी नकोच.

म्हणून तुम्हाला न विचारताच मी डॉक्टरकाका आणि शेजारच्या काकांशी बोलले. गुरुवारी संध्याकाळी पाचला दोघं घरी येतील. रागावू नका. जिना उतरायचा नाही, कुठे रांगेत बसायचं नाही. नोंदणी सक्तीची नाही; तरी करावीशी वाटलीच, तर अडचण सांगून दुय्यम निबंधकांना घरी यायची विनंती करता येते. हात थरथरला तर अंगठाही चालतो.

माझ्या प्रगतिपुस्तकावर तुम्ही सही करायचात आणि शाई वाळेपर्यंत मी फुंकर घालत उभी राहायची. गुरुवारी फोनवर असेन, नुसती बघायला.

आई, 'इच्छापत्र' या शब्दानेच तू उठून आत गेलीस. कुणी कुठे निघालेलं नाही गं. कागद कपाटात पडून राहील आणि बाबांना वाटेल तेव्हा बदलता येईल.

आता ऐका. दुपारी झोप काढा, बीपीची गोळी चुकवू नका, उशीची खुर्ची दिव्याखाली ओढून घ्या. प्रत्येक पानावर सही करा, चष्मा लावून. आई, वडे तळत बसू नकोस, चहा पुरे. आणि बाबा, ते गळकं शाईचं पेन नको, साधं निळं बॉलपेन घ्या.

तुमची,
चिऊ