जिराफाची मान आणि दहावीचे पुस्तक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्राण्यांच्या शरीरात रचनाकाराचा हात दिसतो, असे सांगणारी पत्रे सध्या आपल्या सदरात येत आहेत. त्यांत जिराफाची मान हटकून असते. उदाहरण नामी आहे, फक्त अर्धेच सांगितले जाते.

मेंदूकडून जिराफाच्या स्वरयंत्राला येणारी डावी चेता (मज्जातंतू) थेट तिथे पोचत नाही. ती अख्खी मान उतरून छातीत जाते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा मान चढून वर येते. एवढ्याशा अंतरासाठी सुमारे साडेचार मीटरची फेरी! आपल्या गळ्यातही हाच वळसा आहे, तोकडा इतकेच. माशात ही चेता रक्तवाहिनीमागून सरळ कल्ल्याला जाते. पुढे उत्क्रांतीत मान आली, हृदय खाली सरकले आणि धमनीमागे अडकलेली चेता लांबत गेली.

यावर निर्मितीवादी, म्हणजे रचनाकाराने प्राणी घडवले असे मानणारे, म्हणतात, ती वाटेत श्वासनलिकेला आणि अन्ननलिकेला शाखा देते, म्हणून वळसा मुद्दाम ठेवलेला. मग थायरॉइडची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनना विचारावे. क्वचित एखाद्याची उजव्या हाताची धमनी जन्मतःच भलत्या जागेहून निघते. त्याची उजवी चेता वळसा न घेता सरळ स्वरयंत्राला जाते आणि त्याचा आवाज ठणठणीत असतो. वळसा गरजेचा होता कुठे?

त्यांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. आपल्या राज्य मंडळाचे दहावीचे पुस्तक अवशेषांगांना, म्हणजे पूर्वजांकडून आलेल्या पण जुने काम सुटलेल्या अवयवांना, सरसकट निरुपयोगी ठरवते. देवमाशाची कमरेची हाडे पायांना आधार देत नाहीत हे खरे, पण जननेंद्रियांचे स्नायू त्यांनाच जोडलेले असतात. अवयव जुने काम सोडून दुसरे धरू शकतो, हे मुलांना सांगितले की हा आक्षेप उरतच नाही. पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे जीवाश्म तर शेजारच्या कच्छमध्येच सापडले आहेत. पुरावा पाहायला परदेशी जायला नको.

निदान आपल्या पुस्तकात उत्क्रांती आहे तरी. सीबीएसईच्या शाळांत चालणाऱ्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३मध्ये ती गेली, ‘आनुवंशिकता’ तेवढी उरली. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी सह्यांचे पत्र देऊन विरोध केला. बारावीत आहे, हे उत्तर कामाचे नाही. दहावीनंतर कॉमर्सला जाणाऱ्या पोरांचे काय? मुंबईत तर एकाच चाळीत एका मुलाला हा धडा आहे आणि समोरच्या खोलीतल्या, सीबीएसईच्या मुलीला नाही.

आता राज्य मंडळातही सीबीएसईच्या धर्तीवर अभ्यासक्रम आणण्याचे शासनाने जाहीर केले आहे. ते करताना उत्क्रांतीचा धडा दहावीतच ठेवावा, अवशेषांगांची व्याख्या सुधारावी आणि शेजारी कच्छच्या देवमाशाचे चित्र छापावे.

— एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, गिरगाव, मुंबई