वरोऱ्याहून आणलेली सतरंजी

वर्धा,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,

तुझ्या पत्राला महिना होऊन गेला. "धाकट्याचं आता काय करायचं?" ही शेवटची ओळ मनातून जाईना. प्रेसमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेल्यापासून तुझा भाऊ हात सदऱ्याखाली लपवून बसतो, काकू त्याला अजून घास भरवतात, हे वाचल्यावर फोन करून काय बोलणार होतो? म्हणून आधी आनंदवनात जाऊन आलो आणि मग लिहायला बसलो.

आपण शाळेच्या सहलीत तिथे गेलो होतो. तेव्हा बाबा आमट्यांची गोष्ट ऐकली, झाडं पाहिली, डबे खाल्ले आणि परत आलो. या वेळी मी माग चालतात तिथेच दिवसभर बसलो. खटखट, खटखट. थोड्या वेळाने तो आवाज कानाला कळेनासा होतो आणि नजर फक्त हातांवर राहते. कुष्ठरोगातून बरे झालेले, बोटं आखडलेली किंवा झिजलेली माणसं. एक जण तळहाताच्या कडेने आडवं सूत नेणारा धोटा सारत होता. शेजारी एक जण सुताच्या कांड्या भरत होता, त्याला दिसत नाही. सूत तुटलं की ते त्याच्या बोटांना आधी कळतं. मागाचं काम असं वाटून घेता येतं, हे मला तिथे पहिल्यांदा उमगलं. कांड्या भरणं, उभ्या धाग्यांचा ताणा लावणं, विणणं, कडा शिवणं, घड्या घालणं. ज्याला जे जमतं ते त्याचं. एका माणसाला सगळं यायलाच हवं, ही अट आपणच घालून ठेवलेली असते.

कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताची अडचण वेगळीच. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, आखडलेली बोटं पुन्हा उघडू लागली. पण बरा झालेला माणूस गावी जाऊन करणार काय? म्हणून तिथे सुतारकाम शिकवायला घेतलं, लाकडी खेळणी बनू लागली. तेव्हा दिसलं की बोटं काही रोगाने गळून पडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस पटाशी गरजेपेक्षा जास्त घट्ट धरतो, फोड येतो, तो फुटतो, तरी पत्ता लागत नाही. मग हत्यारांच्या मुठी बदलल्या आणि रोज हात तपासायची शिस्त लागली. हे मी मुद्दाम लिहितोय. धाकट्याचा हात बधिर नाही, उलट थंडीत ठणकत असेल. पण मूठ त्याच्या हाताच्या मापाची करता येते, हे त्यालाही लागू आहे.

१९४९ साली बाबा आमट्यांची महारोगी सेवा समिती स्थापन झाली. पुढे १९५१ मध्ये सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये घेऊन बाबा आणि साधनाताई त्या खडकाळ माळावर राहायला आले, हे तुला ठाऊक आहे. मला आता जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. त्यांनी भाजी पिकवली, तर वरोऱ्यात ती कुणी घेईना. परदेशातून आलेले तरुण स्वयंसेवक तिथे राहिले, त्यांच्याबरोबर जेवले, तेव्हा कुठे गावाची भीती मोडली. म्हणजे कष्ट करायची तयारी पहिल्या दिवसापासून होती. अडलं होतं ते घेणाऱ्यापाशी.

आणि ते अजून तसंच अडतं. आमच्याकडे दर दिवाळीला दिव्यांग मुलांच्या पणत्यांचं, आकाशकंदिलांचं प्रदर्शन लागतं. मीही दरवर्षी घेतो. भाऊबीज उलटली की कार्तिकापासून भाद्रपदापर्यंत त्या हातांना काम कोण देतं? मी आजवर विचारलंच नव्हतं. पणती वर्षातून एकदा लागते. चादर, टॉवेल, सतरंजी बारा महिने लागतात. पोट चालतं ते यावर.

निघताना एक सतरंजी उचलली. खरं सांगतो, नीट पाहिलीच नाही. यांचं घ्यायचं म्हणून घेत होतो. तिथल्या म्हाताऱ्या विणकराने ती माझ्या हातातून परत घेतली. "हे नका घेऊ भाऊ, किनार ओढली गेली हाये. ते दुसरी घ्या." मग ती दुसरी माझ्यासमोर पसरून चारी कोपरे दाखवले, उलटी करून गाठी दाखवल्या. मित्रा, मला फार लाजल्यासारखं झालं. त्या माणसाला माझी कणव नको होती. त्याला आपला माल चांगला जायला हवा होता.

आता दोन गोष्टी. पहिली, धाकट्याला विचार. तू नाही ठरवायचंस, काकूंनीही नाही. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मात्र काढून घे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त लागलं तर नोकरीच्या राखीव जागा, योजना यांचा मार्ग खुला होतो. अर्ज त्यालाच भरू दे, डाव्या हाताने, वेळ लागला तरी. काकूंना सांग, चमच्याची मूठ जाड करून द्या आणि घास भरवणं थांबवा. त्यांना जड जाईल, मला कळतं. माझी आईही वडिलांच्या अर्धांगवायूनंतर वर्षभर तेच करत राहिली.

दुसरी गोष्ट तुझ्या लॉजची. बारा खोल्या, म्हणजे दरवर्षी किती चादरी आणि टॉवेल फाटतात ते तूच जाण. यंदाचे तिथून घे. घासाघीस करायची तर कर, कापड धुऊन बघ, रंग उतरला तर परत पाठव. गिऱ्हाईक जसं वागतं तसंच वाग. आणि माल ठरवायला धाकट्याला घेऊन ये. मी वर्धा स्टेशनवर येतो, तिथून वरोऱ्याला गाडीने जाऊ. तो त्या मागांजवळ बसेल, एवढंच. आपण काही बोलायचं नाही.

गादीची मापं कळव, लांबी-रुंदी दोन्ही. काकूंना नमस्कार.

तुझाच
बाकावरचा शेजारी