बाकावरची जागा

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. तुझ्या खोलीत राहणाऱ्या बीडच्या मुलाने जेवताना "तुम्ही लोक धर्मांतर करता ना?" असे सरळ विचारले आणि तू गप्प बसलास, इकडे आपल्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघात मात्र प्रत्येकाने महिन्याला पाच जणांना येशूचे शुभवर्तमान सांगावे असे ठरले आहे. या कात्रीत सापडून तू मला विचारतोस की आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची तरी कशी. फोनवर हे धड बोलता आले नसते, म्हणून लिहिते.

आधी माझी चूक सांगते. नर्सिंग संपवून मी दवाखान्यात लागले, त्या वर्षी बायकांच्या वॉर्डात एक बाई होती. तिचे तान्हे मूल आदल्या रात्री गेले होते. सकाळी तिचा ताप पाहताना मी तिच्या हातात येशूविषयीची एक छापील पत्रिका ठेवली आणि तीतले वचनही वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले, कागदाची नीट चौघडी केली आणि ती खाटेशेजारच्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली. रागाने नव्हे, स्टूल डगमगत होते आणि कागद हाताशी होता, एवढेच. दुपारी आमच्या जुन्या आयाबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. "बाळाचं नाव काय ठेवलं होतं?" एवढेच त्यांनी विचारले, आणि सकाळपासून तोंड न उघडलेली ती बाई तासभर बोलत राहिली. त्या बाळाला नाव होते, हे माझ्या ध्यानातही आले नव्हते.

बायबलमध्ये दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, एक शब्दही बोलले नाहीत. त्यांचे बिघडले ते तोंड उघडल्यावर. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात सांगतो की तुमच्या आशेविषयी जो विचारील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते सौम्यतेने द्या. म्हणजे आधी कोणाला तरी विचारावेसे वाटले पाहिजे. तरुण संघाच्या हेतूविषयी मला शंका नाही, पण माणसे वहीत मोजायला लागलो की समोरच्याला ते लगेच कळते. विमा एजंट दारात उभा राहिला की आपल्याला कळते तसेच.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट तू चर्चच्या शब्बाथशाळेत ऐकली आहेस. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना सरकून जागा दिली, संस्कृत काव्याविषयी बोलणे काढले, आणि मग नवा करार हाती दिला. हे वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे तो म्हणाला होता आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला, म्हणून उपदेशात सगळा भर त्या भाकितावर असतो. मला त्यापेक्षा बाकावरची ती जागा मोठी वाटते, आणि टिळकांना जे प्रिय होते तेथून बोलणे सुरू करण्याचे त्या माणसाला सुचले, हे. मात्र याच गोष्टीला दुसरी बाजूही आहे, जी आपण घाईने उरकतो. त्या बाप्तिस्म्याने त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले, पती-पत्नी काही वर्षे वेगळी राहिली, आणि लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या पायांनी चालत आल्यावर. आपण सहज बोललेल्या गोष्टीची किंमत दुसऱ्याचे घर मोजत असते, हे बोलण्याआधी मनात असू दे.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचे. तो कुचकटपणाने विचारत होता असे मला वाटत नाही. आपल्या नगर जिल्ह्यात १८७६ ते १८७८च्या दुष्काळात मिशनांनी अन्न आणि काम दिले, त्यानंतर पुष्कळ कुटुंबे मंडळीत आली, आणि पोटासाठी बाटले हा टोमणा आपल्या लोकांना चिकटला. गावाने ज्यांना विहिरीवर येऊ दिले नाही त्यांची मुले मिशनने शाळेत बसवली, हेही तितकेच खरे. पण टोमण्यात ते मावत नाही. हे सगळे त्याला सांग. मन पालटणे माझ्या हाती नाही, मी कोणाला काही देऊन बदल्यात काही मागणार नाही, पण माझा प्रभू येशूवर विश्वास आहे आणि तू विचारशील तेव्हा मी तो लपवणार नाही, असे स्पष्ट सांग. दुःख का येते असे त्याने विचारले आणि तुला उत्तर येत नसेल, तर येत नाही म्हणून सांग. पाठ केलेले उत्तर देऊ नकोस.

तो मुलगा तुला देतो त्या प्रसादाचेही तू लिहिले आहेस. घेणे तुझ्या मनाला पटत नसेल तर त्याच्या तोंडावर, प्रेमाने सांग. हातात घेऊन नंतर गुपचूप केराच्या डब्यात टाकणे मला अजिबात आवडले नाही. त्याच्या आईने तो बीडहून बांधून दिलेला असतो.

त्याचे वडील पुढच्या आठवड्यात तपासणीसाठी पुण्याला येणार आहेत आणि दोन रात्री तुमच्या खोलीवर राहणार आहेत, असे तू शेवटच्या ओळीत ओझरते लिहिलेस. माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची होती. आपली खाट त्यांना दे, रांगेत नंबर लावायला तू पहाटे जा. त्यांच्यासाठी प्रार्थना करावीशी वाटली तर मनात कर; मोठ्याने करायची तर आधी त्यांना विचार, आणि ते नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस.

बुधवारी शेजारचे काका पुण्याला येत आहेत, त्यांच्याबरोबर ज्वारीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पाठवते. त्या मुलाच्या वडिलांना तिखट चालते का, तेवढे विचारून कळव.

तुझी,
आई