रात्रपाळी करणाऱ्या लेकीस

चि. बाळ हिस,

पप्पांचा आशीर्वाद आणि प्रभू येशूच्या नावात सलाम.

परवा फोनवर तू जे विचारलंस, त्याचं उत्तर फोनवर देणं मला जमलं नसतं, म्हणून कागद घेऊन बसलो. तू म्हणालीस, "पप्पा, वॉर्डात माझ्यासमोर माणसं मरतात. त्यांच्या घरचे जिन्यात गुडघे टेकून देवाचा धावा करतात. आणि मी त्याच देवाकडं होस्टेलचं भाडं मागू? लाज वाटते." प्रभूची प्रार्थना अजून म्हणतेस, पण 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही ओळ नुसती तोंडातून निघून जाते, असंही म्हणालीस.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. त्याच ओळीवर थांब. भाडं माग. झोप माग. पायांत ताकद माग. लाज धरू नकोस.

प्रभूनं शिष्यांना प्रार्थना शिकवली, ती किती छोटी आहे बघ. बापाचं नाव पवित्र मानलं जावो, त्याचं राज्य येवो, त्याची इच्छा पूर्ण होवो. एवढं उंच चढल्यावर प्रभू एकदम चुलीपाशी येतो आणि भाकर मागायला सांगतो. पापांची क्षमा त्यानंतर येते. मोहापासून राखणं त्याच्याही नंतर. मी असतो तर भाकर सगळ्यात शेवटी ठेवली असती, किंवा देवासमोर पोटाचं काय बोलायचं म्हणून गाळलीच असती. त्यानं ती मधोमध ठेवली. तो स्वतः सुताराच्या घरात वाढला होता, रोजगार बुडाला की घरात काय होतं ते त्याला कुणी सांगायला नको होतं. याइराची मेलेली मुलगी त्यानं उठवली, तेव्हा सगळे थक्क होऊन उभे होते आणि त्याला आठवलं की पोर उपाशी असेल, हिला काहीतरी खायला द्या. तुम्हा सिस्टर लोकांना ही गोष्ट आमच्यापेक्षा जास्त कळायला हवी.

बहात्तरचा दुष्काळ तू फक्त ऐकलास. मी सात-आठ वर्षांचा होतो. नेवाशाकडं विहिरी आटल्या, कडब्याची पेंढी दिसेना, लोकांनी जनावरं मिळेल त्या भावाला काढली. तुझी आजी आणि आजोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, असली कामं जिल्हाभर निघाली होती. सकाळी अंधारात आजी आम्हा भावंडांना उठवून बसवायची, प्रभूची प्रार्थना सगळ्यांकडून म्हणून घ्यायची आणि लगेच पाटी-हातोडा घेऊन निघायची, कारण वेळेवर गेलं नाही तर मुकादम मस्टरवर नाव घ्यायचा नाही. भाकर मागून ती घरात बसली, असं मी एक दिवसही पाहिलं नाही.

तेव्हा रेशनवर मिलो मिळायची, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी धड थापली जात नसे. तव्यावरच तिचे तुकडे पडायचे, रंग तांबडा, चव आपल्या ज्वारीची नाही. पोरांना सुकडी मिळायची, ती मात्र आम्ही आवडीनं खायचो. एकदा मी ताटातली ती लाल भाकरी बाजूला सारली आणि म्हणालो, ही कसली भाकर. आजी म्हणाली, "सकाळी मागितली होतीस ना? ती आली. खा." एवढंच. तिनं मला समजावलं नाही, रागावलीही नाही. मागितलेलं आपल्या पसंतीच्या ताटात येईलच असं नाही, हे मी तिथं शिकलो. पुढं नोकरीत, घरात, तुझ्या मम्मीच्या आजारपणात ते मला पुन्हा पुन्हा उपयोगी पडलं.

आणि हेही खरं की ती कामं आपोआप निघाली नव्हती. लोकांनी मोर्चे काढले, काम मागितलं, सरकारकडं धरणं धरलं. त्यातूनच पुढं १९७७ मध्ये आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. त्या मोर्च्यांत आपल्या चर्चच्या मंडळीतलेही लोक होते. सकाळी देवाकडं भाकर मागायची आणि दुपारी तहसीलवर काम मागायचं, यात त्यांना काही वेगळं वाटत नव्हतं. मीही एसटी डेपोतून काढण्याआधी स्टिअरिंगवर हात ठेवून प्रार्थना करायचो, आणि त्याआधी खाली उतरून टायर बघायचो. तेव्हा होस्टेलच्या भाड्यासाठी प्रार्थना कर आणि ऑफिसात जाऊन ओव्हरटाइमचे पैसे कधी मिळणार तेही विचार. त्यात विश्वास कमी पडत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. देवाला सगळं ठाऊक आहे, मग रोज तेच ते कशाला मागायचं? तुमच्या बापाला तुमची गरज मागण्याआधीच माहीत आहे, असं प्रभू स्वतःच म्हणतो, आणि लगेच पुढं मागायला शिकवतो. इस्राएल लोकांना रानात मान्ना, म्हणजे देवानं आकाशातून दिलेलं अन्न, मिळायचा, तो एका दिवसापुरता. कुणी धास्तीनं उद्यासाठी ठेवला तर सकाळी त्यात किडे पडायचे. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायचा, तो मात्र टिकायचा. देवाला कोठारं भरून देता आली नसती का? पण मग चाळीस वर्षांत ते लोक देवाचं नाव विसरले असते. तुझ्या वॉर्डात पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या तरी तू पेशंटला त्या एकदम गिळू देत नाहीस, आजचा डोस आज. विश्वासाचंही तसंच आहे. पुढच्या वर्षाची, कर्जाच्या उरलेल्या हप्त्यांची, मम्मीच्या ऑपरेशनची, सगळ्याची काळजी तू एका रात्रीत करायला बघतेस. तेवढी ताकद तुला आज दिलेलीच नाही. आजची दिली आहे. उद्याची उद्या सकाळी मिळेल, आणि ती मागायला तू बापाच्या दारात परत जाशील. त्याला तू रोज आलेली हवी आहेस.

तू म्हणालीस की प्रार्थनेला बसते आणि डोळा लागतो, मग अपराधी वाटतं. एलीया संदेष्ट्याची गोष्ट बायबलात काढून वाच, पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस, ईजबेल राणीच्या धमकीनं पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, माझा जीव घे. आणि झोपून जातो. देव काय करतो? त्याला उपदेश करत नाही, तुझा विश्वास कुठं गेला असं विचारत नाही. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि सांगतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला घालतो, कारण पुढची वाट त्याला झेपणार नाही. होरेब डोंगर, ती देवाची शांत मंद वाणी, ते सगळं त्यानंतर. आधी दोन जेवणं आणि दोन झोपा.

तिबिर्या समुद्राच्या काठावर पुनरुत्थित प्रभूनं हेच केलं. शिष्य रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हातांनी बसलेले, तुझ्यासारखे रात्रपाळीवालेच. किनाऱ्यावर त्यानं कोळशाचा विस्तव पेटवला होता, मासळी आणि भाकर तयार ठेवली होती. पेत्रानं त्याला तीनदा नाकारलं होतं, तो हिशेब अजून बाकी होता. पण प्रभूनं त्यांना आधी न्याहारीला बसवलं. जेवण झाल्यावर विचारलं, तू माझ्यावर प्रीती करतोस का? म्हणून ड्यूटीवरून आल्यावर आधी जेव, झोप. मग प्रार्थना कर. गुडघ्यावर झोप लागली तरी ती बापाच्या घरातच लागलेली असते.

पंडिता रमाबाईंचं केडगाव तू लहानपणी पाहिलंस, पण तेव्हा तुझं लक्ष झाडांवरच्या चिंचांवर. आता मोठी झालीस म्हणून सांगतो. १८७० नंतरच्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई आणि मोठी बहीण उपासमारीनं खंगून गेली. पुराणं सांगत देशभर फिरणारं विद्वान घर, आणि खायला दाणा नाही. उरले ते दोघं भावंडं. अशी भूक पाहिलेली बाई पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि बाया गोळा करून केडगावला आणते, तेव्हा ती कुठल्या हिमतीवर आणते? अमेरिकेतल्या मंडळानं दहा वर्षं मदतीचा शब्द दिला होता, ती मुदत १८९८ ला संपत होती. रमाबाईंनी ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलरचं चरित्र वाचलं होतं. हजारो अनाथ मुलं त्यानं सांभाळली, आणि गरज माणसांसमोर न मांडता देवासमोर मांडायची असा त्याचा नेम होता. ते वाचून रमाबाईंच्या मनात आलं की देवावर असा भरवसा आपल्या हिंदुस्थानात टाकता येणार नाही का? १९०० मध्ये गुजरातच्या दुष्काळातल्या मुली आल्या आणि मुक्तीत, त्यांच्या केडगावच्या आश्रमात, दीड हजारांवर तोंडं झाली. रोज. सकाळ-संध्याकाळ.

त्या प्रार्थनेबरोबर विहिरी खोदल्या गेल्या, शेती झाली, माग चालले, छापखाना चालला. मुलींना हातात काम मिळालं. आणि पोटाबरोबर शास्त्रही मिळालं. मूळ इब्री आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल उतरवायला घेतलं. भाकर आणि वचन त्यांनी कधी वेगळं केलं नाही.

पण तुझ्या मनातला काटा याहून खोल आहे, मला माहीत आहे. जिन्यात रडणाऱ्यांच्या प्रार्थनेचं काय? बाळा, रमाबाईंची एकुलती एक लेक मनोरमा १९२१ मध्ये गेली, आईच्या आधी. जिनं दीड हजारांची भाकर मागून घेतली, तिनं स्वतःच्या मुलीचं आयुष्य मागितलं नसेल का? ते मिळालं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, तोपर्यंत बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नव्हतं. 'असं का' याचं उत्तर माझ्याजवळ नाही आणि कुणी पाळकानं घाईनं दिलं तर मला ते पटतही नाही. मी गेथशेमानेकडं, प्रभूनं क्रूसाच्या आदल्या रात्री जिथं प्रार्थना केली त्या बागेकडं, बोट दाखवू शकतो. तिथं खुद्द पुत्रानं मागितलं की हा प्याला टळो, आणि टळला नाही. बापानं त्याला टाकलं नव्हतं, हे तिसऱ्या दिवशी कळलं. आपण बहुतेक वेळा क्रूस आणि पुनरुत्थान यांच्या मधल्या त्या शनिवारी उभे असतो.

म्हणून त्या जिन्यातल्या लोकांसमोर तुझं भाडं क्षुल्लक ठरत नाही. देवाकडं एकच वाटी पीठ आहे आणि तू घेतलंस तर त्यांना उरणार नाही, असं नाही ना? उलट जी आपल्यासाठी मागायचं सोडते, ती हळूहळू दुसऱ्यासाठीही मागायचं सोडते. मला तुझ्याबद्दल ती भीती वाटते. पगाराची काळजी मला एवढी नाही.

आणखी एक. भाकरीच्या पुढच्या ओळीत ऋण्यांना ऋण सोडण्याचं, म्हणजे क्षमा करण्याचं आहे. तुझ्या वॉर्डातल्या ज्या सिनियरनं सगळ्यांसमोर तुझा अपमान केला, तिचं नाव तू दर फोनला काढतेस. ती चुकली, मी मान्य करतो. पण तो राग तू रोज रात्री उशाशी घेऊन झोपतेस, आणि त्याला मान्न्यासारखेच किडे पडतात. क्षमा एकदम येणार नाही. तीही एका दिवसापुरती माग. आज तिच्याशी नीट बोलता येईल एवढी.

लांबलचक प्रार्थना करू नकोस, तुला वेळही नाही. युनिफॉर्म चढवताना प्रभूची प्रार्थना एकदा, सावकाश, आणि भाकरीच्या ओळीवर त्या दिवसाची गरज नाव घेऊन सांग. हप्ता असेल तर हप्ता, सुट्टी असेल तर सुट्टी. परत आल्यावर जे मिळालं त्याबद्दल दोन शब्द आभाराचे. बंद बाटलीतलं पाणी कुणी पुढं केलं असेल तर त्याचेही. रविवारी सुट्टी मिळाली तर जवळच्या मंडळीत जा, प्रभुभोजन चुकवू नकोस. एकट्यानं विश्वास धरून ठेवायला जाशील तर थकशील.

मी आणि मम्मी रात्री नऊला प्रार्थनेला बसतो, तेव्हा तुझी ड्यूटी सुरू झालेली असते. कुणासाठी प्रार्थना हवी असेल तर पेशंटचं नाव लिहू नकोस, ते बरं नाही. नुसता खाटेचा नंबर पाठव.

कापणीच्या सणाला यायचं जमतं का बघ. नाही जमलं तर मंडळीतलं कुणी मुंबईला येणार आहे, त्याच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी, बाजरीचं पीठ आणि मम्मीनं केलेले लाडू पाठवतोय. आणि या महिन्यात घरी पैसे पाठवू नकोस. माझी पेन्शन थोडी आहे, पण आमचं भागतं. आधी होस्टेलचं भाडं भर.

तुझे पप्पा